नोकरीचा शोध आणि सावधगिरी

‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी एक म्हण मराठीत आहे. ही म्हण गरजवंताची निंदा करण्यासाठी नाही. गरज माणसाला किती अगतिक करते, हे ती सांगते. हाताला काम नसते, घरी खाणारी तोंडे असतात आणि अशा वेळी ‘उद्यापासून कामावर या’ असे कोणी म्हणाले, की मन चटकन विश्वास ठेवते. नोकरीच्या नावाखाली फसवणूक करणारे लोक याच अगतिकतेचा फायदा घेतात. म्हणून त्यांच्या युक्त्या आधीच ओळखून ठेवणे हिताचे असते.

फसवणुकीचे प्रकार

सर्वांत जुना प्रकार आगाऊ पैशांचा आहे. ‘घरबसल्या काम, शिक्षणाची अट नाही, भरघोस पगार’ असे पत्रक भिंतीवर दिसते किंवा मोबाइलवर संदेश येतो. संपर्क साधताच आधी नोंदणी शुल्क मागितले जाते. मग प्रशिक्षणाचे, गणवेशाचे आणि शेवटी अनामत रकमेचे पैसे मागितले जातात. रक्कम एकदम न मागता थोडी थोडी मागितली जाते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत, म्हणून माणूस पुढचे पैसे भरत जातो. हेच या सापळ्याचे मर्म आहे.

दुसरा प्रकार सरकारी नोकरीच्या आमिषाचा. ‘वरच्या साहेबांशी ओळख आहे’ असे सांगून मोठी रक्कम उकळली जाते आणि राजमुद्रा छापलेले बनावट नियुक्तिपत्र हाती दिले जाते. वास्तविक रेल्वे, बँका किंवा पोलीस दल यांतील भरती जाहीर सूचना, परीक्षा आणि निवड यादी या मार्गानेच होते. परीक्षा शुल्काची रक्कम जाहिरातीत छापलेली असते. ती कोणा व्यक्तीच्या खात्यात भरायची नसते.

तिसरा प्रकार अलीकडचा आहे. मोबाइलवर चित्रफितींना पसंती देण्याचे सोपे काम दिले जाते आणि सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. विश्वास बसला, की ‘अधिक कमाईसाठी रक्कम गुंतवा’ असे सांगितले जाते आणि ती रक्कम परत मिळत नाही. कधी कधी कमिशनच्या बदल्यात बँक खाते वापरू देण्याची मागणी होते. त्या खात्यातून लुटीचा पैसा फिरवला जातो आणि खातेदार स्वतः गुन्ह्यात अडकतो.

परदेशातील नोकरी

परदेशी नोकरीच्या बाबतीत पैशांबरोबर स्वातंत्र्यही गमावण्याचा धोका असतो. २०२२ साली थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील नोकरी देण्याच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावड्डी भागात नेल्याच्या घटना उघडकीस आल्या. तेथे त्यांना कोंडून ठेवून इतरांना फसवण्याचेच काम त्यांच्याकडून करवून घेतले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने याविषयी इशारा दिला. पुढे मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. यांतील अनेक तरुण शिकलेले होते. केवळ शिक्षण माणसाला फसवणुकीपासून वाचवत नाही, चौकशीची सवय वाचवते.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाने शासनाकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घेतले पाहिजे, असे बंधन १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने घातले. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. कामाचे स्वरूप, पगार, कामाचे तास आणि राहण्याची सोय यांचा उल्लेख असलेला लेखी करार निघण्यापूर्वीच हाती असावा. ‘आता पर्यटक म्हणून जा, कामाचा व्हिसा तिकडे मिळेल’ असे जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता असते. ते अडकवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही एजंटाला नाही.

कोणती काळजी घ्यावी?

१. नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्यास नकार द्यावा.
२. कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन किंवा तिच्या अधिकृत दूरध्वनीवर चौकशी करावी. जाहिरातीतील क्रमांकावर विसंबू नये.
३. मोबाइलवर आलेला ओटीपी, बँकेचे तपशील आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत.
४. ‘आजच निर्णय घ्या’ अशी घाई केली जात असेल, तर थांबावे आणि घरातील किंवा गावातील जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा.

फसवणूक झाल्यास

बरेच लोक लाजेमुळे गप्प बसतात. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तक्रार होत नाही आणि तोच ठग शेजारच्या गावात नवे सावज शोधतो. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. पावत्या, संदेश आणि दूरध्वनी क्रमांक पुसून टाकू नयेत. तेच पुरावे असतात.

फसणे हा गुन्हा नाही, फसवणे हा गुन्हा आहे. चौकशी करणाऱ्यावर प्रामाणिक मालक रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असण्याचा संभव असतो. म्हणून काम शोधताना प्रश्न विचारण्यास कोणीही संकोच करू नये.