घरची मराठी, दारची हिंदी



लष्करातील माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीने एक तक्रार वर्षानुवर्षे येते. आई मुलाला मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, "डॉक्टर, तीन वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. बिचाऱ्याचा गोंधळ होत असेल. आता घरी मराठी बंद करू का?"

हिंदी बंद करू का, इंग्रजी बंद करू का, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. बंद करायची असते ती नेहमी मराठीच. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे, आणि तेही स्वतःच्या घरात. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि तिचेच 'लष्कर' झाले. दौलतगंज, पाटणकर बाजार ही नावे आजही ती आठवण सांगतात. इथल्या मराठी घरांतील मुले तेव्हापासून दोन भाषांत वाढत आली. त्याने त्यांचे नुकसान झाले काय? राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे आयुष्य याच हिंदी मुलखात गेले आणि मराठी भावगीताला त्यांनी नवे वळण दिले. प्रभाकर माचवे १९१७ साली ग्वाल्हेरात जन्मले. हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्यांनी लिहिले. त्याच वर्षी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घर मराठी, पण ते हिंदीचे थोर कवी झाले. आपल्याला प्रेमचंदांचे भक्त आईने बनवले, असे सांगणारा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीचे कवी आणि समीक्षक झाले. एका आईचे दोन मुलगे दोन भाषांचे साहित्यिक झाले. 'गोंधळ' म्हणणाऱ्या पालकांना मी हे घर दाखवते.

परंतु थोरामोठ्यांच्या उदाहरणाने तीन वर्षांच्या मुलाच्या आईचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. तिला शास्त्र हवे असते. दोन भाषांनी मुलांची बुद्धी मंदावते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक विद्वान मानत. त्यांच्या पाहण्यांत बहुधा गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषिक मुलांशी झालेली असे. १९६२ साली पील आणि लँबर्ट यांनी कॅनडातील माँट्रियल येथे सारख्या परिस्थितीतील दहा वर्षांची मुले घेतली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारी मुले मागे नव्हती. उलट पुढे होती.

शब्दांचा हिशेबही आपण चुकीचा करतो. १९९३ साली अमेरिकेतील मायामी येथे स्पॅनिश आणि इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या तान्ह्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच भाषेतले शब्द मोजले तर मूल मागे वाटते. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर ते एकभाषिक मुलाच्या बरोबरीने येते. आपले मूल 'पाणी', 'दूध', 'आजी' मराठीत आणि 'गाडी', 'झूला', 'चिड़िया' हिंदीत म्हणत असेल, तर त्याचे शब्द सहा धरा. शाळेच्या बाई तीनच मोजतात.

मात्र एक गोष्ट बजावून सांगते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नाहीत, हाक मारली तर मूल वळून पाहत नाही, अशा वेळी दोन भाषांना दोष देऊन थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. माझ्या औषधांच्या पेटीत यावर गोळी नाही, आणि गोळीची वाट पाहण्यात मोलाचे महिने जातात.

आता माझी चूक. मी मिरजेकडच्या जैन कुटुंबातली. माझी आजी बेळगावकडची. ती कन्नड बोले. आईला दोन्ही भाषा येत. आजीचे बोलणे मला कळावे म्हणून आई मध्ये बसून सांगे, आणि त्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही. पुढे लग्न होऊन ग्वाल्हेरला आले. थोरला मुलगा उशिरा बोलू लागला. बालवर्गातल्या बाईंनी सांगितले, "घर में हिंदी ही बोलिए." कानांची तपासणी चांगली आली होती. डॉक्टर असूनही मी पुढे काही वाचले नाही, कोणाला विचारले नाही, बाईंचे ऐकले. तो हिंदी बोलू लागला, जसा तो तसाही बोललाच असता. मराठी गेली.

वीस वर्षांनी माझी आई अंथरुणाला खिळली. तो रजा काढून मिरजेला आला आणि तिचा हात धरून बसला. ती त्याला काहीबाही सांगत होती, माझ्या लहानपणचे, शेताचे, विहिरीचे. तो मान हलवत होता आणि मधूनमधून माझ्याकडे पाहत होता. मी मध्ये बसून हिंदीत सांगत होते. माझी आई एके काळी बसे, त्याच जागी. तेव्हा मला कळले की आमच्या घरात ही दुसरी वेळ आहे.

धाकट्या मुलीच्या वेळी मी बदलले. तिची मराठी टिकली. ती कशाने टिकली, तेच आता सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे गरज. मूल फार व्यवहारी असते. जी भाषा बोलल्यावाचून काम अडते तीच ते बोलते. आपण मराठीत विचारतो, ते हिंदीत उत्तर देते आणि आपण चालवून घेतो. म्हणजे मराठीची गरज आपणच संपवतो. घरात एक तरी माणूस असा हवा, ज्याच्याशी मराठीतच बोलायचे. आजी असेल तर उत्तम. नसेल तर रात्रीचे जेवण मराठीत, असा वेळेचा नेम करा.

दुसरी गोष्ट, पाठांतराला भाषा समजू नका. आमच्या घरी मुलांना णमोकार मंत्र बोलता येऊ लागताच पाठ झाला. तो प्राकृतात आहे, म्हणून मुलांना प्राकृत येते असे कोणी म्हणणार नाही. गणेशोत्सवात आरती घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "तुझे कशावरून भांडण झाले?" असे मराठीत विचारून पाहा. भांडण, लाड, तक्रार आणि थट्टा यांत भाषा राहते.

तिसरी गोष्ट, चूक सुधारताना हसू नका. आपल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात आणि त्यांना कारण असते. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे, म्हणून मूल "माझी पुस्तक कुठे आहे?" विचारते. "तुझे पुस्तक? हे बघ" एवढे म्हणावे, कानावर बरोबर रूप पडत राहिले की पुरते. हिंदीत 'हम' एकच. म्हणून मूल "आम्ही बाजारात जाऊ या?" म्हणते, म्हणजे समोरच्याला सोडूनच निघते. 'आपण' मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही' मध्ये तो बाहेर राहतो, हा भेद मराठीचे मोठे धन आहे. पाहुण्यांसमोर त्याच चुकीवर घरभर हशा झाला, तर मूल पुढच्या वेळी हिंदीतच बोलेल आणि त्याचे बरोबर असेल.

चौथी गोष्ट आपल्या हाती आयतीच आहे, ती म्हणजे लिपी. हिंदी वाचणाऱ्या मुलाला मराठी वाचण्यासाठी नवी अक्षरे जवळजवळ शिकावी लागत नाहीत. 'ळ' ओळखीचा करून द्यावा, 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला 'च' वेगळा उच्चारून दाखवावा, की वाट मोकळी. तरीही आपल्या कपाटांत मुलांसाठी मराठी पुस्तक क्वचितच सापडते.

शाळेची मदत मिळाली तर हवीच. मायामीतच १९६३ साली कोरल वे या सरकारी शाळेने अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश असे शिक्षण सुरू केले. क्यूबातून आलेल्या मुलांबरोबर इंग्रजी घरांतली मुलेही त्यात होती. आपल्या राज्यघटनेतही १९५६ पासून अनुच्छेद ३५०-क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे तो सांगतो. तरीही स्पॅनिशभाषक स्थलांतरितांच्या कितीतरी घरांत नातवंडे केवळ इंग्रजी बोलतात. म्हणजे शाळा भाषेला हात देते, पण घराचे काम घरालाच करावे लागते.

१९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या ग्वाल्हेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही अभिमानाच्या गोष्टी. पण आजीला नातवाशी बोलताना मध्ये कोणी बसावे लागू नये, हे संमेलनाने वा दर्जाने साधत नाही.

माझा थोरला आता चाळिशीकडे झुकला आहे. त्याची मुलगी चार वर्षांची. रोज संध्याकाळी ती मला फोन करते आणि मी तिच्याशी मराठीतच बोलते. परवा ती म्हणाली, "आजी, आपण किल्ला बघायला जाऊ या." तिने 'आपण' म्हटले. मागून तिच्या बापाचा आवाज आला, "आई, आपण म्हणजे मी पण ना?"

त्यालाही आता शिकवते आहे.