मनावरचा ताण आणि श्वासाची लय

म्हैसूर शहरात १९३५ साली एका प्राध्यापकांनी आपल्या राहत्या घरी ध्वनिक्षेपणाचे लहानसे यंत्र बसविले आणि त्या केंद्राला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. या प्राध्यापकांचे नाव एम. व्ही. गोपालस्वामी, आणि त्यांच्या अध्यापनाचा विषय होता मानसशास्त्र. त्याच नगरीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्यासारख्याने याच माध्यमातून मनाच्या ताणाविषयी चार शब्द बोलावेत, हे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

मी वैद्य नव्हे. कागदपत्रांत आयुष्याचा उत्तम काळ घालविणारा एक सरकारी अधिकारी आहे. परंतु रविवारची संध्याकाळ झाली की छातीत काही दाटून येणे, रात्री तीन वाजता जाग येऊन उद्याच्या बैठकीतील प्रश्नोत्तरे मनाशी घोळविणे, मुलाने साधा प्रश्न विचारला तरी त्याच्यावर खेकसणे, हे सारे मी अनुभवले आहे. आपणांपैकी पुष्कळांनी ते अनुभवले असेल. अशा वेळी ‘मनाला आवर घाला’ असा उपदेश सर्वजण करतात. मनाला धरावयाचे कोठे, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम शरीराकडे वळले पाहिजे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भय आणि क्रोध यांमुळे शरीरात कोणते फेरफार होतात याचे विवेचन केले. संकट समोर दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायूंकडे अधिक रक्त धावते आणि पचनाचे काम मंदावते. समोर वाघ असेल तर ही सिद्धता प्राणरक्षक ठरते. माणूस लढतो किंवा पळतो, आणि जमविलेली शक्ती खर्ची पडते. पण आपल्यासमोर वाघ नसतो, वरिष्ठांचा दूरध्वनी असतो. शरीर तीच सिद्धता करते, आणि आपण मात्र खुर्चीवर बसून राहतो. पळण्यासाठी सज्ज झालेले शरीर पळतच नाही. मग ती सज्जता अस्वस्थता होऊन दिवसभर आपल्याबरोबर राहते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पहिला उपाय आपोआप सुचतो, आणि तो म्हणजे चालणे. या बाबतीत म्हैसूर भाग्यवान आहे. चामुंडी टेकडीवर सुमारे एक हजार पायऱ्या आहेत. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या कारकिर्दीत त्या तयार झाल्या. वाटेत एकाच शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी लागतो. तेथवर चढून गेलेल्या माणसाला धाप लागलेली असते, पण तिला आता कारण असते. शरीराला जे हवे होते ते त्याला मिळालेले असते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी कुक्करहळ्ळी तलाव आहे. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी १८६४ साली शेतीच्या पाण्यासाठी तो बांधविला. आज सकाळ-संध्याकाळ शेकडो माणसे त्याच्या काठाने चालतात. बगळे, पाणकावळे, झोळीसारखी चोच असलेले पेलिकन पाहता पाहता फेरी पुरी होते. शेजारीच विद्यापीठाचा परिसर आहे. कवी कुवेंपु यांनी त्याला ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले. आपल्या गावी असा तलाव नसेल. पण नदीचा घाट, देवळाची प्रदक्षिणा, शाळेचे मैदान यांपैकी काहीतरी असतेच. रोज अर्धा तास पुरतो. मात्र खिशातील भ्रमणध्वनी त्या वेळी गप्प असला पाहिजे.

दुसरा उपाय श्वासाचा. हृदयाचे ठोके, पचन, घाम ही सारी कामे आपल्या इच्छेवाचून चालतात. श्वासही तसाच चालतो. परंतु मनात आणले तर त्याची गती आपण बदलू शकतो. मनाला धरावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. म्हणून उच्छ्वास लांबविला की शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेला वाव मिळतो.

आपल्याकडे प्राणायाम फार जुना. त्याची प्रयोगशाळेतील तपासणी मात्र विसाव्या शतकातली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा शरीरावरील परिणाम यंत्रांच्या साहाय्याने अभ्यासण्यास प्रारंभ केला. पुढील दशकात म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात तिरुमलै कृष्णमाचार्य योग शिकवू लागले. १९३४ साली त्यांच्याकडे एक मुलगा आला, लहानपणापासूनच्या आजारांनी कृश झालेला. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार. १९३७ साली तो शिक्षक म्हणून पुण्यास आला आणि पुणेकरच झाला. यहुदी मेन्युइन हे जगद्विख्यात व्हायोलिनवादक १९५२ साली मुंबईत अय्यंगारांना भेटले ते थकलेल्या अवस्थेत. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजविले, आणि ते चक्क झोपी गेले! म्हैसूर आणि महाराष्ट्र यांच्यामधील या देवाणघेवाणीचा लाभ आज आपल्याला सहज घेता येतो.

कृती साधी आहे. पाठ ताठ ठेवून बसावे. मनात चार अंक मोजीत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजीत सोडावा. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. तेव्हा मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटे हे करावे. श्वास कोंडून धरण्याचा हट्ट नवख्याने करू नये. घेरी आल्यासारखे वाटले तर थांबावे. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असणाऱ्यांनी आधी वैद्यांना विचारावे.

आता थोडे रात्रीविषयी. म्हैसूरला फिल्टर कॉफी नको म्हणणे हा जवळजवळ अपराध समजला जातो. परंतु पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी सहाच्या प्याल्यातील निम्मे कॅफीन रात्री अकरा वाजताही आपल्याबरोबर जागे असते. मी शेवटचा प्याला दुपारी तीन वाजता घेऊ लागलो. तसेच, निजण्यापूर्वी कागदावर दोन रकाने पाडतो: उद्या करावयाची कामे एकात, माझ्या हाती नसलेल्या गोष्टी दुसऱ्यात. कार्यालयातील टिपणाची ही सवय घरी कामास आली. चिंता कागदावर उतरली की तिची फेरउजळणी करण्याचे मनाला कारण उरत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याची झोप उडाली होती. जेवणावरची वासना गेली होती. मी मोठ्या उत्साहाने त्यांना तलावावर जाण्याचा सल्ला दिला. महिन्याने ते मला म्हणाले, “साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे रोज जातो, पण तलाव मला दिसतच नाही.” त्या वाक्याने मी चरकलो. त्यांचा त्रास रोजचा ताण नव्हता, ते नैराश्य होते. आणि माझ्या उपदेशापायी त्यांचा एक महिना वाया गेला होता. मी त्यांच्याबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. औषधोपचाराने काही महिन्यांत ते सावरले. म्हणून सांगतो, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटली नाही, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर वाट पाहू नये, तज्ज्ञांना गाठावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ते गृहस्थ आता पुन्हा तलावावर येतात. परवा त्यांनीच मला हात धरून थांबविले आणि पलीकडच्या झाडावर बसलेला एक पेलिकन दाखविला. मी घाईत होतो. माझे तिकडे लक्षच नव्हते.