चुन्याचा हात आणि दोन वर्षे कैद

दुकानदार किंवा छोटा कारखानदार नियम मोडतो तेव्हा त्या मोडण्याचे दोन प्रकार असतात. काटा मारणे, भेसळ करणे, कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ स्वतःच्या धंद्यात फिरवणे हा एक. विवरणपत्र उशिरा भरणे, नोंदवही ठरलेल्या नमुन्यात न ठेवणे, फलक न लावणे हा दुसरा. पहिल्यात कोणाचे तरी नुकसान होते, दुसऱ्यात बहुधा फक्त कागद अपुरा राहतो. भारतातल्या अनेक कायद्यांनी मात्र दोन्हींसाठी तुरुंगाचीच तरतूद करून ठेवली. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन आणि टीमलीज रेगटेक यांनी 2022 मध्ये केलेल्या मोजदादीनुसार देशात उद्योग-व्यवसायाला लागू होणाऱ्या 69,233 अटींपैकी 26,134 अटी मोडल्यास कैदेची शिक्षा होऊ शकत होती. एकट्या महाराष्ट्राच्या कायद्यांत अशा हजाराहून अधिक तरतुदी निघाल्या.

1948 च्या कारखाना अधिनियमात हा प्रकार स्पष्ट दिसतो. त्याच्या कलम 11 नुसार कारखान्याच्या आतल्या भिंतींना दर चौदा महिन्यांतून एकदा चुना लावायचा; ऑइल पेंट असेल तर पाच वर्षांनी नवा हात द्यायचा आणि मधल्या काळात भिंती धुवायच्या. मागावरून उडालेले कापसाचे तंतू जिथे भिंतींवर थरांनी बसतात, त्या इचलकरंजी किंवा भिवंडीतल्या कारखान्यात ही अट गैर म्हणता येणार नाही. प्रश्न शिक्षेचा होता. ज्या कलमांना वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्या सर्वांसाठी कलम 92 होते: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपी भोगवटादार व व्यवस्थापक असे दोघे. फिरत्या यंत्राला कठडा न घालणाराही याच कलमात बसे आणि पंधराव्या महिन्यात चुना लावणाराही. अपघातात कोणी दगावले तर किमान दंड ठरवून दिलेला होता, एवढाच काय तो फरक.

चुन्यापायी कोणी दोन वर्षे आत गेल्याचे ऐकिवात नाही. पण शिक्षा होवो न होवो, फौजदारी खटल्याचा जाच वेगळाच. समन्स येते, जामीनदार शोधावा लागतो, तारखा पडत राहतात आणि तारखेच्या दिवशी दुकान बंद. खटला प्रलंबित असताना पासपोर्ट हवा असेल तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते. मोठ्या कंपनीत हे सगळे पाहायला विधी विभाग असतो. छोट्या धंद्यात मालक, हिशेबनीस आणि आरोपी एकच माणूस. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरच्या हातात कैदेचे कलम असले की टेबलाखालचा भावही त्या प्रमाणात चढतो, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सांगावे लागत नाही.

यावरचा मोठा उपाय म्हणजे 2023 चा जनविश्वास (तरतुदी सुधारणा) अधिनियम. त्याने 42 केंद्रीय कायद्यांतल्या 183 तरतुदींमधले गुन्हेगारी स्वरूप काढले किंवा सौम्य केले. काही ठिकाणी कैद जाऊन नुसता दंड राहिला. काही ठिकाणी प्रकरण न्यायालयाबाहेर काढून न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे दिले गेले. असा अधिकारी नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि शास्ती ठरवतो. दोषसिद्धीचा शिक्का बसत नाही, आणि निर्णय न पटल्यास अपील करता येते. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुसऱ्या जनविश्वास विधेयकात आणखी 288 तरतुदी होत्या. पहिल्या चुकीला ताकीद आणि वजनमापांच्या कायद्यात आधी सुधारणेची नोटीस, अशी सोयही त्यात होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी हीच वाट धरली. वेतन संहितेत नोंदवह्यांसारख्या चुकांसाठी खटल्याआधी लेखी मुदत देणे बंधनकारक आहे. त्या मुदतीत चूक दुरुस्त झाली तर विषय संपतो. तीच चूक पाच वर्षांत पुन्हा झाली तर ही सवलत मिळत नाही. कामगाराला कमी वेतन देणाऱ्याला मात्र हे दार उघडे नाही, आणि तसे असणेच योग्य.

छोट्या धंद्याची खरी अडचण पुढे येते ती रकमेत. कारखाना अधिनियमाची जागा घेणाऱ्या सुरक्षा संहितेत सर्वसाधारण उल्लंघनाला कैद नाही, पण शास्ती किमान दोन लाख आणि कमाल तीन लाख रुपये आहे. अन्नसुरक्षा कायद्यात विनापरवाना धंद्याला पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होता. जनविश्वासने कैद काढली आणि कमाल रक्कम दहा लाखांवर नेली. शिवाय जनविश्वास अधिनियमात आलेल्या दंड आणि शास्तींची किमान रक्कम दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढत जाणार आहे. मोठ्या उद्योगाला दोन लाख म्हणजे किरकोळ खर्च. दहा-पंधरा माणसांच्या कामाच्या जागी तो कामगारांचा महिन्याचा पगार असू शकतो. कंपनी कायद्याने यावर साधा तोडगा काढला आहे. त्याच्या कलम 446-ब नुसार लहान कंपन्या आणि एकल-व्यक्ती कंपन्यांना निम्म्यापर्यंतच शास्ती लागते, कंपनीसाठी कमाल दोन लाख. इतर कायद्यांनी ही पद्धत उचलायला हरकत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांबद्दलचा आहे. तपासणारा आणि शास्ती ठरवणारा एकाच खात्यातले असतील, तर न्यायालयाची जी तटस्थता गेली ती अपिलाच्या टप्प्यापर्यंत मिळत नाही.

कैद कुठे ठेवायची, यावरही एकमत नाही. निकृष्ट दर्जाच्या औषधांचे एक कलम जनविश्वासने तडजोडयोग्य केले, तेव्हा रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांची कैद जाऊन पंधरा लाखांपर्यंतची शास्ती आली, त्यावरही टीका झाली. चेक न वटण्याची गोष्ट तर उलटीच. जून 2020 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने गुन्हेगारी स्वरूप काढण्यासाठी सुचवलेल्या कलमांत परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138 होते. त्याला विरोध केला तो व्यापारी संघटनांनीच. उधारीवर माल देणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याकडे वसुलीसाठी दुसरे धाक दाखवण्याजोगे साधन नसते आणि दिवाणी दाव्याची वाट पाहणे त्याला परवडत नाही. ते कलम दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह तसेच राहिले.