रात्री टाकीत परतणारं पाणी

अमेरिकेच्या थंड पट्ट्यात, मोंटानापासून व्हर्मॉन्टपर्यंत, घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम करणाऱ्या हौशी मंडळींपुढे दर हिवाळ्यात एकच प्रश्न असतो: शेड तापवायची कशी? हवेत भुसा आणि व्हार्निशची वाफ असताना उघडी ज्योत नको. धुरांड्याशिवायचा गॅस हीटर लावला तर त्यातून निघणारी वाफ ओतीव लोखंडाच्या थंडगार टेबलावर दव होऊन बसते आणि मागोमाग गंज चढतो. काहीच न तापवावं, तर आपल्या फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा डिंक 10 अंशांखाली नीट धरत नाही. बरं, दिवाणखान्यातली ऊबही इथे नकोच असते. स्वेटर घालून रंधा मारणाऱ्याला 14-15 अंश पुष्कळ झाले.

गरज एवढी बेताची असल्यामुळेच सूर्य इथे परवडतो. दक्षिणेच्या भिंतीवर उभं पॅनेल, आत झाकणबंद टाकी, छोटा पंप आणि काँक्रीटच्या जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, एवढीच ही यंत्रणा. पुण्याच्या गच्च्यांवरचे सोलर तिरके असतात, टाकी वर असते, गरम पाणी आपोआप चढतं. इथे टाकी खाली, म्हणून पंप हवा. पॅनेल उभं ठेवण्यामागे मात्र चोख हिशेब आहे. 45 अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर असतो. ऊन भिंतीवर जवळजवळ सरळ पडतं आणि अंगणातला बर्फ त्यात आणखी भर घालतो. जूनमध्ये तोच सूर्य साडेअडुसष्ट अंशांवर जातो आणि ऊन भिंतीवरून घसरतं. उन्हाळ्यात पाणी उकळेल ही काळजी त्यामुळे बरीच मिटते.

खरी काळजी रात्रीची. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि तांब्याची नळी चिरते. कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने 1909 पासून ‘डे अँड नाइट’ नावाचे सौर बंब विकायला सुरुवात केली. धंदा छान चालला होता. 1913 च्या जानेवारीत तिथे न भूतो अशी थंडी पडली आणि पॅनेलमधल्या नळ्या फुटल्या. त्यानंतर बेलीने पॅनेलमध्ये न गोठणारं मिश्रण फिरवून त्याची उष्णता टाकीतल्या वेटोळ्यातून पाण्याला द्यायची युक्ती काढली. कारखान्यांतून येणाऱ्या यंत्रणा आजही बऱ्याचदा तोच मार्ग धरतात.

घरी बांधणाऱ्यांना दुसरा मार्ग भावला. तो दाखवला हॅरी थॉमसन या पेटंट वकिलाने. लहानपणी पावसात कोठाराच्या आडोशाला उभं असताना तापल्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी कोमट लागलं, तिथून कल्पना सुचली असं तो सांगे. 1959 मध्ये त्याने वॉशिंग्टनजवळ स्वतःचं घर बांधलं. छपरावर काळा रंगवलेला पन्हळी पत्रा, वर काच. माथ्यावरच्या भोकं पाडलेल्या नळीतून पाणी पत्र्यावर झिरपायचं आणि तळघरातल्या 1,600 गॅलनच्या टाकीत जायचं. टाकीभोवती सुमारे 50 टन दगड रचलेले. पंप थांबला की छप्पर कोरडं! गोठायला वर पाणीच नाही. दोष एकच: वाफ काचेला आतून चिकटायची आणि तिच्यासोबत बरीच उष्णता वाया जायची.

आजची घरगुती पॅनेलं पाणी नळीत कोंडतात, पण परतीचा नियम थॉमसनचाच पाळतात. परतीची नळी टाकीत पाण्याच्या पातळीच्या वर उघडी सोडलेली असते. पंप बंद झाला की तिथून हवा वर चढते आणि सगळं पाणी गुडगुड करत खाली उतरतं. त्यासाठी आडव्या नळ्यांना फुटाला पाव इंच उतार हवा, आणि तो जोडकामाच्या प्रत्येक टप्प्यावर तपासायला हवा. मध्येच एखादी नळी पोट काढून लोंबली तर तेवढंच पाणी तिथे अडतं आणि नेमकी तीच फुटते.

सर्वांत वेळखाऊ काम पॅनेलमधल्या नळ्यांवर बसवायच्या पंखांचं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, लाकडी साच्यावर ठेवायच्या आणि मधोमध लोखंडी सळई ठोकून अर्धगोल खाच पाडायची. खाच तांब्याच्या नळीला घट्ट बसली पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली की पत्रा तापतो आणि पाणी थंडच राहतं. म्हणून खाचेत सिलिकॉनचा पातळ थर देतात. पत्र्याला द्यायच्या रंगाच्या छटेवर तासन्‌तास वाद घालणारे पाहिले की वाटतं, यांनी ही फट आधी पाहावी.

पंपाचा हुकूम कंट्रोलरकडे. एक सेन्सर पॅनेलच्या वरच्या भागात, दुसरा टाकीच्या तळाशी; पॅनेल ठरावीक अंशांनी जास्त तापलं तरच पंप सुरू. पुढचं काम जमिनीचं. लोखंडी रेडिएटरला कढत पाणी लागतं, काँक्रीटच्या जमिनीला 30-35 अंशांचंही चालतं. पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितकी पॅनेलमधून बाहेर जाणारी उष्णता कमी, म्हणून तेच पॅनेल जास्त काम देतं. हजार लिटर पाणी 20 अंशांनी तापवलं की टाकीत 23 युनिट साठतात. भिंती नीट झाकलेल्या असतील तर एवढ्यावर छोट्या शेडची रात्र निघते.

ढग तीन-चार दिवस हटले नाहीत तर टाकी थंड होते आणि विजेचा हीटर लावावा लागतो, हे उघड आहे. आज कोणी नव्याने विचारलं तर मी छपरावर वीज करणारी पॅनेलं आणि हीट पंप सुचवीन. ती वीज उन्हाळ्यातही कामी येते आणि नळी फुटायची भीती नाही. पण ज्याला तांब्याला डाख देता येतो आणि ज्याचे शनिवार-रविवार मोकळे आहेत, तो हे ऐकणार नाही. त्याने पॅनेलला हात घालण्याआधी शेडच्या दारा-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तरी पुरे.