राक्षसभुवनचा काठ आणि पॅरिसचा तह

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन आहे. लोक इथे शनीला तेल वाहायला येतात आणि परततात. याच काठावर १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाचं निम्मं सैन्य कापलं गेलं.

ही लढाई आपण राघोबादादा आणि माधवराव पेशवा या काका-पुतण्याची म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण तिचा एक धागा थेट युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धाशी जुळतो. १७५७ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिकनं रोसबाखला फ्रेंचांना आणि महिन्याभरातच लॉयथेनला ऑस्ट्रियाला धूळ चारली, त्याचं मराठवाड्याला सोयरसुतक नव्हतं. इथे प्रश्न एकट्या फ्रेंच सेनानी बुसीचा होता. १७५१ मध्ये त्यानं सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवलं आणि आपल्या कवायती पलटणींच्या जोरावर तिथे टिकवलं. १७५८ मध्ये इंग्रजांशी लढायला फ्रेंच सेनापती लालीनं त्याला कर्नाटकात बोलावून घेतलं आणि निजामशाहीचा टेकू निघाला. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला फ्रेंच हरले, बुसी कैद झाला. पुढे बाराच दिवसांनी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. तेव्हा त्यांच्या तोफांमागे उभा होता बुसीच्याच तालमीतला इब्राहिमखान गारदी!

वर्षभरात पानिपत झालं आणि पारडं फिरलं. १७६२ मध्ये निजामअलीनं भावाला, सलाबतजंगाला, बिदरच्या किल्ल्यात कोंडलं आणि दुसऱ्या वर्षी पुणं जाळलं. नागपूरकर जानोजी भोसले तेव्हा त्याच्याच बाजूला होते. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हा या साऱ्या कारस्थानाचा मेंदू.

पण श्रावणातल्या गोदावरीपुढे मेंदू चालत नाही. औरंगाबादेकडे निघालेल्या निजामाच्या फौजेला राक्षसभुवनला नदी ओलांडायची होती. तोफा, बैल, बाजारबुणगे आणि उतार फक्त नावांनी. निजामअली निम्मी फौज घेऊन पैलतीरी पोचला, विठ्ठल सुंदर ऐलतीरी राहिला. जानोजी आतून आधीच पेशव्यांना मिळालेले. पगार थकल्याची सबब सांगून त्यांनी तळ बाजूला हलवला. मराठे तुटून पडले. विठ्ठल सुंदरही कच्चा नव्हता. त्यानं राघोबादादांना हत्तीसकट घेरलं. तेव्हा अठरा वर्षांचा माधवराव राखीव फौज घेऊन धावला, काका सुटला आणि दिवाण मारला गेला. पैलतीरावरून निजामअली पाहत होता. पुराला उतार नव्हता.

पुढे औरंगाबादेत तह झाला. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते.

मला मात्र त्याच वर्षीचा दुसरा तह सुटत नाही. लढाईच्या बरोबर सहा महिने आधी, १० फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये इंग्लंड-फ्रान्सनं युद्ध मिटवलं. त्याच्या अकराव्या कलमात दख्खनचा कायदेशीर सुभेदार म्हणून सलाबतजंगाला मान्यता आहे. सह्या करणाऱ्यांनी बिदरची खबर घेतली नसावी, किंवा घेऊनही त्यांना फिकीर नसावी. राक्षसभुवननंतर महिनाभरानं, सप्टेंबरात, सलाबतजंग बिदरच्या कैदेतच मेला. भावानंच मारवला, अशी बोलवा तेव्हापासून आहे.