जांभळी पाणकोंबडी : ऐकीव आणि खरं

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा असो की वऱ्हाडातलं दुसरं कुठलं गाव, पाणकणसाने वेढलेल्या तलावाकाठी निळा-जांभळा, लाल चोचीचा, लांब लाल पायांचा पक्षी दिसला की पहिला तर्क ठरलेला : हा परदेशी पाहुणा! एवढा भडक रंग आपल्याकडचा असेल, हे कुणाला पटतच नाही. पण जांभळी पाणकोंबडी इथलीच रहिवासी आहे. पाणी आटलं की जवळचा दुसरा पाणवठा गाठायचा, एवढंच तिचं स्थलांतर. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळी पाहुणे येतात-जातात, ही मात्र तिथेच राहते.

कपाळावरची लाल ढाल तुऱ्यासारखी दिसते खरी, तरी कोंबडीशी तिचं नातं नाही. ती सारस-क्रौंचांच्या गणातली. पोहते, पण बदकासारखे पडदे तिच्या पायांना नसतात. उलट बोटं लांबच लांब असल्याने तरंगत्या वेलींवरून ती सहज चालते. त्याच पायात देठ धरून पोपटासारखी खातेही.

तिला उडता येत नाही, असंही छातीठोकपणे सांगतात. धोका दिसला की ती आधी पळते नि गवतात शिरते, म्हणून तसं वाटतं. उड्डाण बेढब, पाय खाली लोंबकळणारे. पण ती दूरवर उडू शकते. उडणं सोडलं ते तिच्या न्यूझीलंडमधल्या नातलगाने, ताकाहेने. तो नामशेष झाला असं समजत होते. 1948 मध्ये पुन्हा सापडला.

भाताची नासाडी करते, ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. कोवळे कोंब ती खाते, आणि खाते त्याहून जास्त उपटते. पण सोयाबीन-तुरीच्या वाशिममध्ये तो राग तिच्यावर कशाला? ती निव्वळ शाकाहारीही नाही : गोगलगायी, किडे, संधी मिळाल्यास दुसऱ्या पक्ष्यांची अंडीसुद्धा चालतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे : पाणकणीस म्हणजे घाण, ते उपटलं की तलाव स्वच्छ. तिचं घरटं त्याच दाटीत, आडव्या पडलेल्या पात्यांवर असतं, आणि वीण मुख्यतः पावसाळ्यातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार बंद केली. घर मात्र आपण सुशोभीकरणाच्या नावाखाली मोडतो. गाळ जरूर काढा, पण उन्हाळ्यात काढा, आणि एका काठाचं पाणकणीस राहू द्या.