अल्सर बरा होतो, पण कारण शोधलं तर

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १९८४ साली बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने जंतूंचं गढूळ द्रावण पिऊन टाकलं. हे जंतू त्याने एका रुग्णाच्या जठरातून काढून वाढवले होते. त्याचं स्वतःचं जठर निरोगी असल्याची खात्री आधीच दुर्बिणीने करून घेतली होती. काही दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली आणि दहाव्या दिवशी पाहिलं तर जठराचं अस्तर सुजलेलं. त्याला अल्सर मात्र झाला नव्हता. ही कथा सांगताना हा तपशील बरेचदा गळतो.

तोपर्यंत समजूत अशी होती, की जठरातल्या तीव्र आम्लात कुठलाच जंतू तगत नाही, आणि अल्सर होतो तो काळजीने, तिखट खाण्याने. रुग्णांनी वर्षानुवर्षं दूध आणि मऊ भातावर दिवस काढले, कित्येकांच्या जठराचा भाग कापून टाकावा लागला. १९७०च्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांनी जखम भरायची; गोळी थांबली की बहुतेकांना ती पुन्हा व्हायची.

मार्शलचे सहकारी रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली हे वाकडे जंतू दिसले होते. ते प्रयोगशाळेत वाढवायचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही तर जंतू वाढवायच्या बश्या फेकून दिल्या जात. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि पाचव्या दिवशी जंतूंच्या वसाहती दिसल्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी असं पुढे नाव मिळालेला हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचं आम्ल बोथट करतो आणि जठराच्या बुळबुळीत थरात घुसून राहतो. वॉरन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळालं.

भारतात कोट्यवधी लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर होत नाही. जंतूशिवाय अल्सरचं दुसरं मोठं कारण घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतं: गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, आणि अ‍ॅस्पिरिन. अस्तराचं रक्षण करणारी शरीरातली रसायनं या औषधांमुळे कमी होतात. हृदयासाठी सुरू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नये.

छातीतली जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी हे प्रकरण वेगळं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आम्ल वर चढतं. ते जास्त तयार होत असेलच असं नाही. पोटाचा घेर, तंबाखू, रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणं, यांनी त्रास वाढतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवावं. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलावी. नुसती उशी वाढवली तर पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर ढकललं जातं. डाव्या कुशीवर झोपल्यानेही बरं वाटतं.

पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. ती उपयोगी आहे. पण मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून कारण न शोधता वर्षानुवर्षं घेत राहिलं, तर आतला जंतू तसाच राहतो. काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, उगाच घटणारं वजन दिसलं तर डॉक्टरांना गाठायलाच हवं. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम फुटत असेल तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा घेत घरी बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत जंतू सापडला तर प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी यांचा, सहसा चौदा दिवसांचा, कोर्स असतो. बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करायची असते, आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर तपासणी चुकीची येऊ शकते.